अस्सल आणि नक्कल : पुन्हापुन्हा ‘सेव्ह’ केलेले छायाचित्र का विटते?

१/
अठराव्या शतकातील एका मोडी पत्राचे छायाचित्र. कोणीतरी ते दफ्तरखान्यात बसून नीट काढलेले असते. पुढे ते एका गटातून दुसऱ्या गटात जाते. कोणी त्याच्या कडा कापतो, कोणी उजेड वाढवतो, कोणी कोपऱ्यात आपले नाव टाकतो. दोन वर्षांनी तेच छायाचित्र परत हाती येते, तेव्हा पत्राखालच्या शिक्क्याची अक्षरे लागत नाहीत आणि बोरूच्या बारीक फटकाऱ्यांभोवती करडी धूळ साचलेली दिसते. मूळ कागद दफ्तरात जसाच्या तसा आहे. मग ही झीज कोठून आली? #इतिहास #थ्रेड

२/
सर्वसाधारण समज असा की, फाइलची प्रत काढली की ती थोडी खराब होते. हा समज चुकीचा आहे. संगणकावरील फाइल म्हणजे अंकांची एक ओळ. ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेली, तिच्या हजार प्रती केल्या, तरी प्रत्येक अंक तोच राहतो. मराठी दफ्तरांच्या भाषेत ती खरी ‘बरहुकूम नक्कल’ असते. झीज होते ती फाइल उघडून, चित्रात काही बदल करून पुन्हा ‘सेव्ह’ केल्यावर, आणि तीही ठरावीक प्रकारच्या फाइलींतच. त्यांत सर्वांत प्रसिद्ध प्रकार जेपीईजी, म्हणजेच जेपेग.

३/
हा समज रूढ होण्यामागे कारण आहे. संगणकापूर्वीच्या जगात प्रत्येक नक्कल खरोखरच अस्सलापेक्षा कमी दर्जाची असे. छापील छायाचित्राचा पुन्हा फोटो काढला की त्यातील काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा कमी होत. ध्वनिफितीवरून दुसरी फीत भरली की खरखर वाढे. व्हिडिओ कॅसेटच्या तिसऱ्या-चौथ्या नकलेत रंग ओघळत. या घटीला तंत्रज्ञ ‘पिढीगत हानी’ म्हणत. अंकांत साठवलेल्या चित्राने ही हानी संपेल अशी अपेक्षा होती. ती संपलीही, परंतु एका तडजोडीतून ती मागच्या दाराने परत आली. त्या तडजोडीचा हा इतिहास.

४/
१९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छायाचित्र प्रथमच स्कॅनरच्या साहाय्याने संगणकात उतरवले. चित्र होते किर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचे, वॉल्डनचे. त्यात १७६ × १७६ म्हणजे सुमारे ३१ हजार बिंदू होते. आज मोबाइलमधील ४००० × ३००० बिंदूंच्या चित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३ बाइट धरल्यास एकट्या चित्राला ३ कोटी ६० लाख बाइट लागतात. एवढा मजकूर साठवायचा कोठे आणि पाठवायचा कसा, हा प्रश्न चित्रांच्या संगणकीकरणाइतकाच जुना आहे.

५/
एक उत्तर आधीच तयार होते. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी माहितीचे मोजमाप करण्याचे गणित मांडले. १९५२ मध्ये डेव्हिड हफमन यांची सांकेतिक पद्धत प्रसिद्ध झाली. ती त्यांना एमआयटीत विद्यार्थी असताना, अंतिम परीक्षेऐवजी लिहावयाच्या निबंधाच्या निमित्ताने सुचली होती. तत्त्व सोपे आहे : वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत, क्वचित येणाऱ्याला लांब. अशाने मजकूर लहान होतो आणि उलगडल्यावर अक्षरन् अक्षर परत मिळतो. याला हानीरहित संपीडन म्हणतात.

६/
परंतु छायाचित्राच्या बाबतीत हा उपाय अपुरा पडतो. आकाशाचा निळा रंग डोळ्याला एकसारखा दिसतो, पण त्यातील प्रत्येक बिंदूचे मूल्य शेजारच्यापेक्षा किंचित वेगळे असते. त्यामुळे हुबेहूब पुनरावृत्ती कमीच सापडते आणि फाइल फार तर निम्म्यावर किंवा तिच्या आसपास येते. तिचा आकार दहापट, वीसपट कमी करायचा तर काहीतरी टाकून द्यावेच लागते. मग प्रश्न उरतो : काय टाकावे, म्हणजे पाहणाऱ्याला ते टाकल्याचे कळणार नाही?

७/
या प्रश्नाच्या उत्तराचे मूळ उष्णतेच्या अभ्यासात आहे. १८०७ मध्ये जोसेफ फूरिये यांनी पॅरिसच्या विद्वत्संस्थेपुढे एक प्रबंध ठेवला. कितीही वेड्यावाकड्या चढउतारांची रेषा साध्या लहरींच्या बेरजेतून उभी करता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. लाग्रांज यांच्यासारख्या ज्येष्ठ गणितज्ञाने त्यावर आक्षेप घेतला. फूरिये यांचा ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे लहरींची हीच भाषा ध्वनी, प्रकाश व चित्र या सर्वांच्या विश्लेषणाचा पाया ठरली.

८/
दीडशे वर्षांनंतर या भाषेला नवे वळण देणारे गणितज्ञ मूळचे बंगळूरचे होते. नासिर अहमद यांचा जन्म १९४० सालचा. अभियांत्रिकीचे पहिले शिक्षण बंगळुरात आणि पुढचे अमेरिकेत. १९७२ मध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी कोसाइन लहरींवर आधारित एका पद्धतीच्या अभ्यासासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. प्रस्ताव नामंजूर झाला. कल्पना फारच साधी आहे, असे परीक्षकांपैकी एकाला वाटले, ही आठवण अहमद यांनीच पुढे १९९१ मध्ये लिहून ठेवली आहे.

९/
अहमद थांबले नाहीत. १९७३ चा उन्हाळा त्यांनी बिनपगारी काढला आणि टी. नटराजन या आपल्या विद्यार्थ्याबरोबर काम पुढे नेले. के. आर. राव हेही या कामात सहभागी झाले. जानेवारी १९७४ मध्ये या तिघांचा जेमतेम चार पानांचा लेख संगणकशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला. विषय : डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, संक्षेपाने डीसीटी. तीन भारतीय नावांचा हा लेख आज जवळपास प्रत्येक मोबाइलच्या कॅमेऱ्यात काम करतो आहे.

१०/
डीसीटीचे वैशिष्ट्य असे : चित्राचा एक लहान चौकोन तिच्या हाती दिला की ती त्याचे लहरींत पृथक्करण करते. संथ लहरी म्हणजे उजेडाचा सावकाश होणारा चढउतार. वेगवान लहरी म्हणजे बारीक तपशील. नेहमीच्या छायाचित्रात चौकोनाचा बहुतेक सारा आशय मोजक्या संथ लहरींत एकवटतो आणि वेगवान लहरींच्या वाट्याला किरकोळ आकडे येतात. हे पृथक्करण स्वतः काहीच टाकून देत नाही. काय टाकता येईल, एवढेच ते दाखवून देते.

११/
ही गरज १९८० च्या दशकात निकडीची झाली. त्या वेळी दूरध्वनीच्या नव्या अंकीय जाळ्यात एका वाहिनीचा वेग सेकंदाला ६४ हजार बिट होता. दूरचित्रवाणीच्या पडद्याएवढे ७२० × ५७६ बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूला १६ बिट धरून, सुमारे ६६ लाख बिटांचे होते. या वाहिनीतून ते पाठवायला १०० सेकंदांहून अधिक वेळ लागे. तेच प्रति बिंदू १ बिटावर आणले तर साडेसहा सेकंदांत पोचे. चित्र पडद्यावर उमटण्याची माणूस किती वेळ वाट पाहील, या व्यवहारी प्रश्नाने पुढचे निर्णय घडवले.

१२/
१९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटना आणि दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय समिती यांनी एकत्र येऊन तज्ज्ञांचा एक गट स्थापन केला : जॉइंट फोटोग्राफिक एक्सपर्ट्स ग्रुप. जेपीईजी हे त्याचेच लघुरूप. १९८७ मध्ये गटापुढे १२ पद्धती आल्या. कोणते चित्र कोणत्या पद्धतीचे हे न सांगता ती परीक्षकांना दाखवली गेली आणि डोळ्यांना काय चांगले वाटते यावर निवड झाली. तीन पद्धती उरल्या. जानेवारी १९८८ च्या अधिक काटेकोर फेरीत डीसीटीवर आधारलेली पद्धत सरस ठरली.

१३/
या निवडीची कसोटी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मूळ चित्राशी आकड्यांनी किती जुळते, यापेक्षा माणसाच्या डोळ्याला किती जुळते वाटते, हे पाहिले गेले. आणि चाचणी एकदा संपीडित करून उलगडलेल्या चित्रांची होती. तेच चित्र दहा हातांतून जाईल, प्रत्येक हात ते कापून, बदलून पुन्हा सेव्ह करील, हा या पद्धतीचा नेमून दिलेला उपयोग नव्हता. सप्टेंबर १९९२ मध्ये मानक मंजूर झाले. टॉम लेन यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या एका स्वतंत्र गटाने १९९१ पासूनच या पद्धतीची आज्ञावली सर्वांना मोफत खुली केली होती. जेपीईजी जगभर पसरली.

१४/
आता प्रत्यक्ष कृती. पहिली काटछाट रंगात होते. मानवी डोळा उजेडातील फरक बारकाईने टिपतो, रंगातील फरक त्या मानाने ढोबळपणे. म्हणून चित्राचे उजेड आणि रंग असे दोन भाग करतात. उजेड प्रत्येक बिंदूसाठी ठेवतात. रंग मात्र बहुधा चार बिंदूंच्या गटाला एकच. एवढ्यानेच मजकूर निम्मा होतो. माणसाच्या चेहऱ्यात हे कळतही नाही. परंतु जुन्या पोथीत काळ्या अक्षरांमध्ये लाल शाईने ओढलेला बारीक दंड असेल, तर त्याचा लाल रंग येथेच शेजारच्या कागदात पसरतो.

१५/
दुसरी पायरी. चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील ६४ मूल्ये डीसीटीतून जाऊन ६४ लहरींचे आकडे होतात. मग येतो खरा निर्णय. प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या भाजकाने भागतात आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात धरतात. मानकात नमुन्यादाखल दिलेल्या उजेडाच्या तक्त्यात सर्वांत संथ कोपऱ्यात भाजक १६ आहे, तर सर्वांत वेगवान कोपऱ्यात ९९. बारीक तपशिलाला मोठा भाजक, म्हणजे त्याची मोजणी अधिक ढोबळ.

१६/
उदाहरणार्थ, एका लहरीचा आकडा ७ आहे आणि भाजक १६. भागाकार ०.४४, पूर्णांक झाला ०. फाइल उघडताना ० ला १६ ने गुणले की ० च मिळते. ते ७ कायमचे गेले. ६४ पैकी बहुतेक आकड्यांची अशीच शून्ये होतात. शून्यांची लांब रांग हफमनच्या संकेतांनी अत्यंत थोडक्यात लिहिता येते आणि फाइल लहान होते. जेपीईजीच्या सगळ्या काटकसरीचे मर्म या भागाकारात आणि शून्यांत आहे.

१७/
तक्ता कोणता वापरावा, हे मानकाने बंधनकारक केलेले नाही. त्यामुळे प्रत्येक कॅमेरा, प्रत्येक अ‍ॅप, प्रत्येक संकेतस्थळ आपापला तक्ता वापरते. एका आज्ञावलीतील ‘८० गुणवत्ता’ आणि दुसरीतील ‘८० गुणवत्ता’ यांचा अर्थ एकच असेलच असे नाही. गुणवत्ता १०० ठेवली तरी पूर्णांकात आणण्याची पायरी टळत नाही. झीज हळू होते, इतकेच. वेगवेगळ्या तक्त्यांची ही मुभा पुढच्या घसरणीचे मोठे कारण ठरते.

१८/
तेच चित्र, त्याच आज्ञावलीत, त्याच गुणवत्तेवर, काहीही न बदलता पुन्हा सेव्ह केले तर? आकडा ३२ आणि भाजक १६ असेल, तर भागाकार बरोबर २ येतो आणि उलगडल्यावर पुन्हा ३२. नवी हानी जवळजवळ होत नाही. उलगडलेले बिंदू ० ते २५५ च्या पूर्णांकांत बसवताना किरकोळ फरक पडतो, पण काही फेऱ्यांनंतर चित्र बहुधा स्थिरावते. ‘दर सेव्हला चित्र सारखेच खराब होत जाते’ हे विधानही म्हणून पूर्ण खरे नाही.

१९/
भाजक बदलला की मात्र हिशेब फिरतो. मूळ आकडा ३७ धरू. पहिल्या अ‍ॅपचा भाजक १० : ३.७ चे झाले ४, उलगडल्यावर ४०. दुसऱ्याचा १५ : २.६७ चे झाले ३, म्हणजे ४५. तिसऱ्याचा १२ : ३.७५ चे झाले ४, म्हणजे ४८. प्रत्येकाने जवळचाच पूर्णांक धरला. लबाडी कोणीच केली नाही. तरीही ३७ चे ४८ झाले. मूळ चित्र थेट तिसऱ्या अ‍ॅपला दिले असते तर उत्तर ३६ आले असते. चूक १ ची झाली असती, ती ११ ची झाली.

२०/
याहून मोठी हानी कडा कापण्याने होते. डावीकडचे ३ बिंदू कापले की सगळे चौकोन ३ बिंदू सरकतात. जुन्या चौकोनांच्या सीमा आता नव्या चौकोनांच्या मध्यावर येतात. त्या सीमांवरची पायरी हा चित्रातलाच तपशील आहे असे समजून आज्ञावली ती जपते, आणि तिच्यासाठी खऱ्या तपशिलावर आणखी काट मारते. आकार लहान-मोठा करणे, किंचित तिरके चित्र सरळ करणे यांचाही परिणाम असाच होतो. पहिल्या फेरीची चूक दुसऱ्या फेरीला अस्सल म्हणून दिली जाते.

२१/
ही हानी दिसते तरी कशी? आकाश, भिंत अशा सपाट भागांत चौकोनांचे ठिगळ उमटते. ठळक कडांभोवती, विशेषतः अक्षरांभोवती, पुसट लहरी घोंगावतात. जेपीईजी छायाचित्रातील सावकाश बदलणाऱ्या छटांसाठी घडवलेली आहे. पांढऱ्यावर काळे अक्षर म्हणजे तिच्या दृष्टीने सर्वांत अवघड जागा. मोडी लिपीत अक्षरे एकमेकांत गुंतलेली, शब्दांत अंतर नाही, आणि एका बारीक वळणावर वाचन अवलंबून. चेहरा विटला तरी ओळखू येतो. वळण विटले की शब्द बदलतो.

२२/
हा धोका तज्ज्ञांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. टॉम लेन यांनी १९९० च्या दशकात संकलित केलेल्या जेपीईजीविषयक प्रश्नोत्तरांत ‘वारंवार संपीडन केल्यास हानी साचते का?’ हा प्रश्न स्वतंत्रपणे घेतलेला आहे. उलगडून, फेरफार करून पुन्हा संपीडन केल्यास आणखी नुकसान होते, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. काम चालू असेपर्यंत हानीरहित फाइल वापरावी आणि जेपीईजी अगदी शेवटी करावी, हा त्यांचा सल्ला. १९९६ मध्ये आलेला पीएनजी हा हानीरहित प्रकार अशा कामाला उपयोगी ठरला.

२३/
परंतु पुढच्या काळात ‘सेव्ह’चे बटण माणसाच्या हातून निसटले. अनेक मेसेजिंग अ‍ॅप्स आणि समाजमाध्यमे चित्र स्वीकारतानाच त्याचा आकार कमी करतात आणि आपल्या तक्त्याने पुन्हा संपीडन करतात. पाठवणाऱ्याला वाटते आपण नुसती नक्कल पुढे धाडली; प्रत्यक्षात ते नवे लेखन झालेले असते. याच ओघात छायाचित्र कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढले ही फाइलमध्ये लपलेली नोंदही बहुधा गळते. इतिहासाच्या दृष्टीने हे नुकसान दुहेरी आहे : कागद अस्पष्ट झाला आणि त्याचा ठावठिकाणाही गेला.

२४/
गंमत अशी की, ही झीज आपल्या खुणा मागे ठेवते. दोन वेगळ्या भाजकांतून गेलेल्या आकड्यांच्या वाटपात ठरावीक अंतराने रिकाम्या जागा आणि उंचवटे दिसतात. २००३-०४ च्या सुमारास जेसिका फ्रिड्रिच आणि हनी फरीद यांच्या गटांनी अशा खुणांवरून चित्र दोनदा संपीडित झाले आहे हे ओळखण्याच्या पद्धती मांडल्या. फ्रिड्रिच यांच्या गटाने तर पहिल्या वेळी वापरलेल्या तक्त्याचा अंदाज बांधण्याची रीत दाखवली. चित्राचा एखादा भाग नंतर चिकटवला असेल, तर त्याचा संपीडनाचा पूर्वेतिहास उरलेल्या चित्राशी जुळत नाही आणि बनाव उघडा पडू शकतो.

२५/
चुकांवरून वंशावळ शोधण्याची ही रीत मराठी वाचकांना परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याची सूत्रे सांभाळली आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. शेकडो हस्तलिखिते श्लोकाश्लोकाने ताडून पाहिली गेली. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट भेद सापडला, तर त्या एकाच पूर्वजाच्या नकला असण्याची शक्यता बळावते. लेखनिकाची चूकही अशा प्रकारे पुरावा होते.

२६/
येथे एक भेद आहे. महाभारताच्या पोथ्या नकलेगणिक फुगत गेल्या. लेखनिक आणि पाठक भर घालत राहिले. जेपीईजी नकलेगणिक रोडावते. परंतु परिणाम एकच : अस्सल हाती नसेल, तर मागे जाण्याला मर्यादा पडते. सुकथनकरांनीही सिद्ध झालेली संहिता व्यासांचे मूळ शब्द म्हणून पुढे केली नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे गाठता येणारे सर्वांत जुने रूप, एवढाच तिचा दावा होता. पोथ्या अनेक होत्या म्हणून तेथवर तरी जाता आले. एकाच विटलेल्या चित्राच्या लाखो प्रतींतून एक पाऊलही मागे जाता येत नाही.

२७/
अस्पष्ट चित्र ‘सुधारून’ देणारी अ‍ॅप्स आता हाताशी आहेत. त्यांतून निघणारे चित्र रेखीव असते, परंतु शून्य झालेला आकडा मुळात ७ होता की -५, हे त्या फाइलमध्ये कोठेच लिहिलेले नसते. अ‍ॅप इतर चित्रांवरून संभाव्य तपशील रचते. आजीच्या लग्नातील फोटोसाठी ते चालेल. शिलालेखाच्या किंवा शिक्क्याच्या वाचनासाठी मात्र ही गाळलेल्या जागा भरणारी नवी क्षेपक-रचना ठरते. विटलेल्या चित्रात शंका तरी येते. सुधारलेल्या चित्रात तीही येत नाही.

२८/
संग्रहालयांनी आणि ग्रंथालयांनी यावर शोधलेला मार्ग जुन्या दफ्तरी शिस्तीसारखाच आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या संस्था छायाचित्रांची मूळ प्रत टिफ प्रकारात, हानी न होऊ देता जपतात आणि वाचकांना पाहण्यासाठी तिच्यावरून जेपीईजी काढतात. नवी नक्कल हवी असेल तेव्हा ती मूळ प्रतीवरूनच निघते, नकलेवरून नाही. त्यामुळे कितीही नकला झाल्या तरी सगळ्या पहिल्याच पिढीच्या राहतात.

२९/
घरी किंवा दफ्तरखान्यात छायाचित्रे काढणाऱ्यालाही हे साधते.
• कॅमेऱ्यातून आलेली फाइल जशीच्या तशी वेगळ्या जागी ठेवावी. फेरफार तिच्या प्रतीवर करावेत.
• काम चालू असताना टिफ किंवा पीएनजी वापरावे. जेपीईजी शेवटी, एकदाच.
• पाठवताना शक्य तेथे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.
• काटकोनात फिरवणे किंवा कडा कापणे एवढेच हवे असेल, तर फाइल न उलगडता ते करणाऱ्या आज्ञावली आहेत. चौकोनांची सीमा पाळली, म्हणजे ८ किंवा १६ च्या पटीत कापले, तर हानी होत नाही.
• फाइलच्या नावातच स्थळ, तारीख आणि रुमाल क्रमांक लिहावा.

३०/
१८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. ऐकीव बखरींपेक्षा अस्सल कागद प्रमाण, हा आग्रह त्या कामामागे होता, आणि त्यासाठी त्यांनी गावोगाव फिरून दफ्तरे धुंडाळली. आज कागदाचे छायाचित्र हेच अनेक अभ्यासकांचे पहिले आणि कित्येकदा एकमेव साधन असते. वाळवीने किंवा ओलीने मूळ कागद उद्या गेला, तर ती फाइलच अस्सल ठरेल. म्हणून त्या मोडी पत्राचे चित्र पुढे पाठवण्याआधी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : हे ज्या फाइलवरून निघाले, ती पहिली फाइल कोणाजवळ आहे? (थ्रेड समाप्त)